कोट वर, खिडकी बंद

"कोट वर गेले का?"

कढईत तेल तापायला ठेवलं की काकू जिन्याच्या तोंडाशी येऊन हे विचारायच्या. उत्तराची वाट बघायच्या नाहीत. खुंटीवर कुणाचा कोट राहिलाच असेल तर स्वतः उचलून वरच्या बेडरूममध्ये नेऊन टाकायच्या, दार ओढून घ्यायच्या आणि दाराखालच्या फटीत जुना टॉवेल सारायच्या. मग खाली येऊन स्वयंपाकघराची खिडकी लावायच्या, कडी हलवून बघायच्या, आणि त्यानंतर मोहरी. मोहरी तडतडली, मिरची पडली की त्या कार्डिगनच्या बाहीने तोंड झाकून खोकायच्या. आम्हीही खोकायचो. आता फोडणीला खोकायचं नाही तर कशाला खोकायचं?

इंग्लंडात संसार केलेल्या बायकांना यात काही नवीन वाटणार नाही. तुमच्याही घरी कोट वर जात असतील. ज्यांच्या जात नाहीत त्यांच्यासाठी सांगते. इथल्या लोकरीच्या कोटाला लसणाच्या फोडणीचा वास एकदा लागला की तो ऑफिसात आपल्या आधी पोचतो. शाळेच्या फाटकापाशी इतर आया अर्धं पाऊल मागे सरकतात. कोणी काही बोलत नाही, आणि न बोलण्याची ही जी काही तऱ्हा आहे, ती माणसाला बरोबर कळते.

मी लग्न होऊन वेम्बलीला आले ती काकूंच्या घरापासून दोन दारं सोडून. मी कोल्हापूरची. तिसऱ्या का चौथ्या दिवशी झणझणीत पिठलं टाकलं, खिडकी सताड उघडी. कांदा परतून होतो न होतो तोच मागच्या दारातून एक ठेंगणी, सडसडीत बाई आत आली. नाव नाही, गाव नाही. सरळ ओट्याशी गेली, वर-खाली सरकणारी ती खिडकी खाली ओढली आणि माझ्याकडे वळली.

"काय करतंस गो? अख्खी गल्ली गोळा करशील. वास घरातला घरात."

ही आमची ओळख. पिठलं मात्र दोन वेळा मागून खाल्लं आणि वर सांगितलं, "तिखट जरा कमीच आहे." मूळच्या वेंगुर्ल्याच्या होत्या. राग आला किंवा माया आली की मालवणी बोलायच्या, एरवी आमच्यासारखंच.

बाई तशी कुणाच्या बापाला भिणारी नव्हती. ईलिंग रोडवरच्या मासेवाल्याने शिळा बांगडा ताजा म्हणून पिशवीत टाकला तर त्याच्याच दुकानात उभी राहून गिऱ्हाइकांना कल्ले उघडून दाखवायची. बस थांब्याच्या पुढे जाऊन थांबली तर ड्रायव्हरला मागे घ्यायला लावायची. विमानात द्यायचं जेवण बनवणाऱ्या एका कंपनीत आयुष्यभर तळणीवर काम केलं, तिथल्या सुपरवायझरला लोक काकूंचा सुपरवायझर म्हणायचे. अशी ही बाई मोहरी टाकताना मात्र चोरासारखी खिडकी लावायची. मला त्याचं नवल वाटायचं.

एकदा विचारलंच. तेव्हा कळलं. काका-काकू पहिल्यांदा आले तेव्हा एका गोऱ्या माणसाच्या घरात वरची खोली भाड्याने घेतली होती. काकूंनी पहिल्याच रविवारी सुकी मासळी तळली. मालक जिना चढून वर आला आणि दारात उभा राहिला. शिवी नाही, आरडाओरडा नाही.

"दोनदा हुंगलान," काकू म्हणाल्या, आणि नाक वर करून तसं हुंगून दाखवलं. "नि तो खाली गेलो. दुसऱ्या दिवशी ह्यांना म्हणाला, दुसरी जागा बघा."

त्यानंतर काकूंनी खिडकी लावली ती लावलीच. मालक केव्हाच देवाघरी गेला असेल. काकांनी स्वतःचं घर घेतलं, मुलगा झाला, काका गेले. घर आपलं झालं, पण खिडकी त्या मालकाचीच राहिली. आणि जी म्हणून नवी पोरगी भारतातून आमच्या बाजूला येईल, तिला काकू पहिल्या आठवड्यात हा धडा देऊन यायच्या.

घर नॉर्थ सर्क्युलरला लागून. ज्यांनी तो रस्ता पाहिला आहे त्यांना वेगळं सांगायला नको. लॉऱ्यांची रांग सकाळी उभी राहते ती हलत हलत रात्रीच संपते. पुढच्या खिडकीच्या चौकटीवर बोट फिरवलं की काजळ. मी म्हणायचे, "काकू, डबीत भरून ठेवा, पुढेमागे नातवंडाला लावायला होईल." त्या हसायच्या आणि ओल्या फडक्याने पुसायच्या. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेवढंच. म्हणजे बघा, पुढची खिडकी लॉऱ्यांमुळे बंद, मागची लाजेमुळे बंद, आणि मधे काकू.

आमच्यातल्या ज्यांचं बरं चाललं ते एकेक करून निघाले. कोणी पिनरला गेलं, कोणी रीडिंगला बागेच्या घरात. काकू म्हणायच्या, "तिथं मासे कोण देणार मला?" आणि राहिल्या.

खोकला कधी सुरू झाला ते त्यांनाही सांगता आलं नसतं. आधी फोडणीपुरता होता, मग जिना चढताना, मग बोलता बोलता. मुलगा इथेच जन्मलेला, गुणी पोरगा, कौन्सिलात नोकरीला. तो मला म्हणाला, "मावशी, आईची खोकला जातच नाही." त्याची मराठी सुधारायचा नाद मी केव्हाच सोडला होता, पण त्याचा चेहरा बघून मीच त्यांना जीपीकडे घेऊन गेले.

डॉक्टरने विचारलं, सिगरेट ओढता का? नाही. पूर्वी ओढत होतात? नाही. घरात कोणी? काकांना तपकिरीची सवय होती, तीही फार शिंका येतात म्हणून सोडली. डॉक्टरने मान डोलावली आणि अँटिबायोटिक दिलं. पुढच्या वेळी दुसरा डॉक्टर, तेच प्रश्न, पंप दिला. त्याच्या पुढच्या वेळी तिसरी, तेच प्रश्न, म्हणाली पित्त असेल. प्रत्येक वेळी 'ओढत नाही' म्हटलं की समोरच्याची चिंता कमी होताना मला दिसायची.

मग सुपरमार्केटच्या कार पार्कमध्ये फुप्फुसं तपासायची लॉरी आली. काकू पिशव्या माझ्या हातात देऊन सरळ तिच्या पायऱ्या चढल्या. आतली नर्स गोड होती. तिने समजावलं की ही तपासणी ओढणाऱ्यांसाठी किंवा पूर्वी ओढत असलेल्यांसाठी आहे, तुम्ही यात बसत नाही.

काकूंनी शांतपणे विचारलं, "देन आय स्टार्ट स्मोकिंग अँड कम बॅक?"

नर्स हसली, मग हसायची थांबली. तिनेच सांगितलं की जीपीकडे परत जा आणि एक्स-रे मागा. काकू तिथून तडक गेल्या. खुर्चीत बसल्या, पर्स मांडीवर ठेवली आणि म्हणाल्या, एक्स-रेचं लिहून दिल्याशिवाय मी उठत नाही. बाहेर माणसं खोळंबली होती. मला लाज वाटत होती आणि अभिमानही वाटत होता. डॉक्टरने लिहून दिलं.

कॅन्सर फुप्फुसातून हाडात गेला होता.

मोठ्या डॉक्टरने रोज घ्यायची एक गोळी दिली. म्हणाला, बरं नाही करणार, पण काही काळ थोपवून धरेल. काकूंनी विचारलं, कशामुळे झालं? तो प्रामाणिक माणूस होता. म्हणाला, एका माणसाच्या बाबतीत नक्की नाही सांगता येत. रस्त्याचा धूर असेल, बंद खोलीतला तळणीचा धूर असेल, दोन्ही असेल, कदाचित दोन्ही नसेलही. धूर चांगला नाही एवढं मात्र नक्की.

गाडीत बसल्यावर काकू म्हणाल्या, "त्याला नक्की माहीत नाही. मला आहे."

आमच्या मराठी मंडळात कुजबुज सुरू झालीच. आपली माणसं म्हणजे काय, तोंडावर काही बोलणार नाहीत, पण पाठीमागे बारसं-तेरावं सगळं उरकतील. 'चोरून ओढत असतील हो.' 'तळणीवर काम करायच्या ना, तिथे पुरुषांबरोबर सवय लागली असेल.' एका बाईने तर मलाच विचारलं. मी काकूंना सांगणार नव्हते, पण त्यांच्या कानावर गेलंच.

"माझं चुकलं असतं तर बरं झालं असतं गो ह्या लोकांना," त्या म्हणाल्या. "मग आपल्याला होणार नाही असं वाटलं असतं. मी काय केलं? मी ह्या रस्त्यावर राहिले, जेवण केलं, नि श्वास घेतला."

हॉस्पिटलच्या वेटिंग रूममध्ये त्यांनी नवीनच उद्योग काढला. शेजारी कोण बसेल त्याला विचारायच्या, "व्हेअर यू लिव्ह?" गोरा, काळा, आयरिश म्हातारा, गुजराती बेन, कोणी असो. मग पुढचा प्रश्न, "रोड साइड?" कोणी फ्लायओव्हरखाली राहत होतं, कोणाच्या घराला बुरशी होती, कोणी जन्मभर बस गॅरेजमध्ये. सिगरेट ओढलेलेही पुष्कळ होते. ते बिचारे मान खाली घालून सांगायचे. त्यांना काकू म्हणायच्या, "दॅट आय डिडन्ट आस्क."

एकदा मला म्हणाल्या, "काय ओढता ते सगळ्यांनी विचारलं. खंय रवतास, ते एकानेही विचारलं नाही."

मग एका दुपारी घरी त्यांनी मागची खिडकी उघडली आणि बोंबील तळले. मी धावत गेले, म्हटलं झालंय काय. त्या खिडकीशी उभ्या होत्या. कुंपणापलीकडे मागची म्हातारी गोरी शेजारीण कपडे वाळत घालत होती, काकू यायच्या आधीपासून तिथे राहणारी. काकूंनी तिला हाक मारून विचारलं, वासाचा त्रास होतो का? तिने नाक मुरडलं, खांदे उडवले. म्हणाली, मासा आहे ना? आमच्याकडेही शुक्रवारी असतो. आणि मग सहज म्हणाली, मला तर वाटायचं तुम्ही घरी स्वयंपाक करतच नाही.

काकू खाली बसल्या. त्या दिवशी मी त्यांना पहिल्यांदा रडताना पाहिलं. दुःखाने नाही, संतापाने रडत होत्या. "कुणासाठी लावली गो मी?" एवढंच म्हणत होत्या. मी बोंबील उलटले, नाहीतर करपले असते.

दुसऱ्या दिवसापासून त्यांनी घरं धरली. ज्या ज्या पोरीला खिडकी लावायला शिकवलं होतं, तिच्या तिच्या घरी गेल्या. दम लागायचा, फाटकाला धरून उभ्या राहायच्या, पण जायच्या. माझ्याकडे भर थंडीत आल्या आणि ओट्यावरची खिडकी वर सारली.

"काकू, गारठा आत येतोय."

"येऊ दे. स्वेटर घाल."

"शेजारी काय म्हणतील?"

"म्हणू देत. मीच शिकवलं ना तुम्हाला? आता मीच उलटं शिकवून जाणार. जीव आहे तोवर एवढंच एक काम आहे मला."

समोर असेपर्यंत सगळ्याजणी उघडायच्या. त्या वळल्या की लावायच्या. काकूंना हे कळत होतं. म्हणून त्यांनी शेवटी मंडळाच्या हॉलवर नेम धरला.

आमचा हॉल म्हणजे गल्लीच्या टोकाचा, भाड्याने घेतलेला जुना सभागृहवजा डबा. मागे फ्लॅट, पुढे कार पार्क. गणपतीचं जेवण तिथेच शिजायचं. स्वयंपाकघराच्या खिडकीवर पाटी होती, स्वयंपाक करताना बंद ठेवावी. इतक्या वर्षांच्या रंगकामात खिडकी चौकटीला चिकटूनच गेली होती. आम्ही वीस बायका आत धुरात डोळे पुसत भजी तळायचो आणि एकमेकींना म्हणायचो, काय मजा येते नाही!

त्या वर्षी काकू काठी टेकत आल्या. ओट्यावरचा कालथा उचलला आणि खिडकीच्या फटीतला रंग खरवडायला लागल्या. रंगाचे पापुद्रे सिंकमध्ये पडायला लागले. कोणीतरी जाऊन अध्यक्षांना बोलावून आणलं. अध्यक्ष रीडिंगचे, सॉफ्टवेअरमधले, अत्यंत सभ्य गृहस्थ. आवाज चढवणं त्यांना जमत नाही.

"काकू, प्लीज. नियम आहे त्यांचा. हॉल गेला तर गणपती कुठे बसवायचा?"

"गणपतीला विचार, धुरात बसायला आवडतं का."

"तुम्हाला बरं नाहीये. तुम्ही बसा ना जरा."

"बरं नाही म्हणूनच उभी आहे," काकू म्हणाल्या. कालथा थांबला नव्हता. "भारतातून येणारी प्रत्येक पोर पहिल्यांदा ह्या कढईपाशी उभी राहते. इथं शिकते ते घरी नेते. ह्याच जागेवर उभी राहून मी ओरडत होते, कोट वर, खिडकी बंद. तुझ्या बायकोलाही मीच शिकवलं. विचार तिला."

अध्यक्षांनी बायकोकडे पाहिलं. ती भज्यांचं पीठ ढवळत राहिली.

खिडकी करकरत वर गेली. दोरी तुटलेली होती, म्हणून काकूंनी खाली कालथा उभा करून टेकू दिला. धूर एका लोटात बाहेर पडला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा आम्हाला एकमेकींची तोंडं नीट दिसली.

आता इथे फ्लॅटमधला एखादा गोरा आला आणि भजी खाऊन खूश झाला, असं मी सांगावं असं तुम्हाला वाटत असेल. आला, पण खूश नव्हता. खिडकीबाहेर उभा राहून म्हणाला की वास थेट त्याच्या घरात येतोय, खिडकी लावा.

"इट इज स्मोक," काकू म्हणाल्या. "आय हॅव कॅन्सर इन द लंग. यू हॅव स्मेल इन द नोज. आय विल नॉट शट."

तो म्हणाला, सॉरी, पण मी तक्रार करणार. काकू म्हणाल्या, जरूर करा, आणि वर स्वतःचं नावही सांगितलं. तो गेला. अध्यक्ष डोक्याला हात लावून उभे होते.

तक्रार झाली. हॉलवाल्यांचा फोन आला, खिडकी बंद ठेवायचं कबूल करा, नाहीतर यापुढे स्वयंपाक बंद. अध्यक्षांनी कमिटी बोलावली. माफी मागायची आणि काकूंना चार शब्द समजावून सांगायचे, असं बहुतेकांनी धरूनच ठेवलं होतं. अध्यक्ष म्हणाले, मी हॉलवाल्यांना 'नाही' म्हणून सांगून टाकलंय. आपण दुसरा हॉल बघू.

अध्यक्ष चष्मा पुसत म्हणाले, "त्या दिवशी घरी गेलो. संध्याकाळी ही आमटी फोडणीला टाकत होती. खिडकी बंद. आमच्या मागे शेत आहे हो. नुसतं शेत. कोणाला वास जाणार होता?"

ही बातमी मी काकूंना सांगितली तेव्हा त्या अंथरुणाला खिळल्या होत्या. गोळीचा जोर ओसरला होता. पुढच्या खोलीत हॉस्पिटलची कॉट लावली होती, बाहेर लॉऱ्या चालूच. त्यांनी ऐकलं, डोळे मिटून थोडं हसल्या.

"शहाणो आसा," म्हणाल्या. मग म्हणाल्या, "बांगडो तळ."

"काकू, तुम्हाला पाणीसुद्धा जात नाही."

"खायला नाही गो. जन्मभर वास लपवला. आता जरा घेऊ दे."

मी मागची खिडकी उघडली, बांगडा तळला आणि मधलं दार सताड उघडं ठेवलं. मुलाने आपला ऑफिसचा कोट काढून त्यांच्या पायांवर घातला होता. तो उचलून वर न्यावा म्हणून माझा हात आपोआप पुढे गेला. काकूंनी डोळे न उघडताच तो घट्ट धरून ठेवला.

डिसेंबरात त्या गेल्या.

संक्रांतीला नवा हॉल. लांब आहे, एका शाळेचा, भिंती मळकट हिरव्या. आम्ही भोगीची भाजी, भाकरीचं पीठ, तीळ, सगळं घेऊन पोचलो तर अध्यक्ष आमच्या आधी हजर. स्वयंपाकघराची खिडकी किल्लीची होती आणि किल्ली जागेवर नव्हती. ते फोनवर केअरटेकरशी बोलत होते. मी त्यांना आवाज चढवताना पहिल्यांदाच ऐकलं. "नो, विंडो फर्स्ट," ते म्हणत होते. आम्ही पिशव्या हातात धरून थंडीत उभ्या राहिलो. कोणी कुरकुरलं नाही. किल्ली आली, खिडकी उघडली, तेव्हा कुठे गॅस पेटला. अध्यक्षांनी आपला कोट काढून स्वयंपाकघरातल्याच खुंटीवर अडकवला. आम्हीही अडकवले.

घरी जाताना मेट्रोपॉलिटन लाइनच्या गाडीला गर्दी होती. कोटाला तिळाचा, लसणाचा, भाजीच्या फोडणीचा वास येत होता. चांगला दणदणीत येत होता. शेजारी एक सूटवाला बसला. त्याने नाक वर करून दोनदा हुंगलं आणि माझ्याकडे पाहिलं.

मी कोटाची बटणं सोडली आणि ऐसपैस बसले.